एकशे साडेसत्तावीस रुपये

प्रवासाहून परत येऊन नऊ दिवस झाले आणि मैत्रिणीनं हिशेबाची वही माझ्याकडे पाठवून दिली. शंभर पानी, आखीव, कव्हरवर शाळेच्या वह्यांवर असतो तसा नाव-इयत्ता-विषयाचा चौकोन. नावापुढं आमची दोघींची आडनावं, इयत्ता रिकामी, आणि विषयापुढं तिच्या तिरप्या अक्षरात ‘श्रीनगर ते कन्याकुमारी’. शेवटच्या पानावर लाल पेनानं दोन रेघा मारून माझा निम्मा वाटा काढलेला. बेरीज तपासावी असं माझ्या मनातही नव्हतं. पैसे पाठवण्याआधी ते वीस दिवस एकदा ओळीओळीनं परत वाचावेत, एवढीच हौस. वाचता वाचता मोबाइलवर आकडे टाकत गेले आणि शेवटी माझा वाटा तिनं लिहिलेल्यापेक्षा १२७ रुपये ५० पैशांनी जास्त निघाला. परत केली बेरीज. तिसऱ्यांदा कागदावर मांडून केली. फरक तोच, आणि माझ्या फायद्याचा.

दुसऱ्या कुणाची वही असती तर मी ती तिथंच मिटली असती. पण ही बाई तीस वर्षं सहकारी बँकेच्या लेखा विभागात काढलेली. अकरा रुपयांचा फरक सापडेना म्हणून सगळ्या शाखेला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवल्याची तिची गोष्ट आमच्या मैत्रिणींमध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्या बेरजेत चूक होत नाही. आणि झालीच, तर नेमकी एकशे साडेसत्तावीसाची होत नाही.

मुळात गाडी तिच्या भावाची. तीन वर्षं त्याची नोकरी जम्मूला होती, तिथून बदली होऊन तो महिनाभराच्या रजेवर नागपूरला आला आणि गाडी मागं राहिली. ‘ट्रेलरवर टाकून मागवतो’ म्हणाला, तर ही म्हणाली, ‘मी आणते. तू आईजवळ बस.’ तिच्या आईला आठवत नाही. चार वर्षं झाली, हळूहळू माणसं, वार, जेवण झालं की नाही, सगळं पुसत चाललंय, आणि ती चार वर्षं ही एकटी त्या घरात. मला फोन करून तिनं एवढंच विचारलं, ‘येते का गं? जम्मूपर्यंत गेलोच तर श्रीनगरहूनच निघू.’ नागपूरच्या पुढं जायचं आहे हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

नागपूरकरांसाठी हा रस्ता अजून ‘सात नंबर’च आहे. २०१० साली नव्यानं क्रमांक दिले गेले, जुने सात रस्ते एकमेकांना सांधून चव्वेचाळीस नंबर झाला, श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत ३,७४५ किलोमीटर. पण आम्ही वाढलो ते वाराणसी-कन्याकुमारी सात नंबरच्या कडेला. वर्धा रोडवरून जाणारे ट्रक, मागच्या फळीवर गोल गोल जिलेबीसारखी तमिळ अक्षरं, आणि आपल्याकडची संत्री भरून ते ट्रक उलट दिशेनं परत निघालेले. हा रस्ता जिथं संपतो तिथं समुद्र आहे, हे मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या ट्रकांमुळं कळलेलं.

श्रीनगरहून खाली येताना थंडी, बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा, मग चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा, रामबनच्या आसपास दरडींची भीती, पुढं पंजाबातली भाताची खुंटं जळाल्याचा वास. या सगळ्यावर लिहायला बसले तर वेगळी वही लागेल. मला लक्षात राहिलाय तो तिचा डावा गाल. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला चालवणाऱ्याची एकच बाजू दिसते. वीस दिवस मी तिच्या कानाखालचा तीळ, कानशिलावरची पांढरी बट आणि बोलताना हलणारा अर्धाच ओठ पाहिला. चेहरा समोरून दिसायचा तो जेवायला बसल्यावर, आणि तेव्हा आम्ही दोघी थकून ताटाकडं बघत असायचो. म्हणूनच असेल, पस्तीस वर्षांत जे बोललो नाही ते आम्ही गाडीत बोललो. आणि म्हणूनच असेल, ती बोलत असताना तिचे डोळे काय म्हणत होते ते मला कधी कळलं नाही.

ती थांबायला सांगायची नाही. चहा, पाय मोकळे करणं, शेतातला मोर, कुठल्या तरी देवळाचा कळस, थांबू या म्हणणारी प्रत्येक वेळी मी. ती ब्लिंकर द्यायची, बाजूला घ्यायची, किलोमीटर लिहायची आणि मग उतरायची.

सहाव्या दिवशी खवाशाच्या पुढं पेंचचा पट्टा लागला. तिथं रस्ता खांबांवर उचललाय, दोन्ही कडांना उंच हिरव्या भिंती, आणि खालून जंगल वाहतं ठेवलंय. वाघ त्या पुलांखालून ये-जा करतात, तसे फोटो कॅमेऱ्यांनी टिपलेले आहेत. तिनं तिथं काही न बोलता वेग कमी केला. वरून आम्ही, खालून ते. मग मनसर, कामठी, आणि घर. प्रवासाच्या मधोमध स्वतःचं घर लागणं फार विचित्र असतं. आपल्याच गादीवर झोपायचं, आपल्याच मिसळणाच्या डब्यातलं तिखट खायचं, आणि तरी बॅग उघडायची नाही. गाडी आणायची होती, ती आणून झाली होती. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. ‘पुढं जायचं का? सकाळी साडेपाचला येते.’

हिंगणघाटच्या जवळ तिनं सांगितलं. आठ दिवसांनी ती घरी पोचली, तर आई खुर्चीत बसलेली. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडं पाहून म्हणाली, ‘दूध आणलं का?’ मग हिनं बॅग ठेवली, कोपऱ्यावर गेली, अर्धा लिटरची पिशवी घेऊन आली. सांगताना ती हसत होती. ‘एका अर्थी बरंच ना गं. मी गेली होती हेच तिला माहीत नाही.’ मीही हसले. डाव्या गालावर खळी पडलेली मी पाहिली. उजवीकडचं मला माहीत नाही.

पैनगंगा ओलांडली तशा पाट्यांवरच्या अक्षरांनी वळणं घेतली. आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूरची लाल कोरडी माती, बेंगळुरूच्या गर्दीत गेलेले तीन तास. धर्मपुरीच्या पुढं तोप्पूरचा उतार, जिथं ट्रकांचे ब्रेक तापून जळका वास येतो आणि बाहेरगावचे गाडीवाले कधी कधी जीव गमावतात. तिथं तिनं गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घातली आणि दोन्ही हातांनी धरून उतरवली. मदुराईला मुक्काम. आणि शेवटच्या दिवशी दुपारी तिरुनेलवेलीच्या बायपासवर टाकी भरली. वहीत नोंद आहे: किलोमीटर ४५,११८.

तिरुनेलवेलीपासून कन्याकुमारी साधारण पंच्याऐंशी किलोमीटर. माझ्या डोक्यात एकच होतं, सूर्यास्त. नोव्हेंबरात तिथं सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो आणि तो पाण्यात बुडताना दिसतो, म्हणजे साडेपाचला किनाऱ्यावर हवं. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. ताडाची झाडं, उजवीकडं सह्याद्रीची शेवटची टोकं, एकेकटी, एखाद्या ओळीत शब्द विरळ होत जावेत तशी. कावलकिणरूच्या आसपास पवनचक्क्या सुरू झाल्या. डोंगरातल्या खिंडीतून वारा या सपाटीवर उतरतो म्हणून इथं शेकड्यांनी उभ्या केल्यात. पावसाळ्यातला जोर ओसरला होता. काही पाती थांबलेली, काही इतकी सावकाश फिरत होती की मोजता यावीत. खाली केळीच्या बागा, शेळ्या, आणि त्यांच्यावरून एकामागून एक सरकणाऱ्या लांबलचक सावल्या. सावली गाडीवरून गेली की आत क्षणभर अंधारायचं, मग परत ऊन.

तिनं वेग कमी केला. ‘थांबू या का इथं? दोन मिनिटं.’

वीस दिवसांत तिनं एकदाच विचारलं. आणि मी म्हणाले, ‘अगं, सूर्य जाईल ना. उद्या येताना थांबू.’

तिनं काही म्हटलं नाही. वेग वाढवला.

साडेपाचच्या जरा आधी आम्ही कन्याकुमारीत होतो. पश्चिमेला ढगांचा राखाडी पडदा, कडेला बारीकशी तांबूस किनार, बाकी काही नाही. दोन मिनिटं सोडा, अर्धा तास थांबलो असतो तरी काही बिघडलं नसतं. गाडी लागल्या लागल्या मी चपला हातात घेऊन पाण्याकडं पळाले. मागं वळून पाहिलं तर ती अजून आतच. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर, काच वर. मी हात हलवला. तिला दिसला असावा, पण ती हलली नाही. दहा-बारा मिनिटांनी आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. इतक्या दिवसांची थरथर तळव्यांत मुरलेली असते, थांबलेल्या जमिनीवरही पाय चालल्यासारखे वाटतात. तीन रंगांचं पाणी मला काही वेगळं दिसलं नाही. सगळीकडून सारखाच खारट वारा येत होता.

घाटावर एक बाई वाळूच्या पुड्या विकत होती. तांबडी, पिवळी, काळी, पांढरी, तांदळाच्या कणीसारखी जाड. मोडक्या हिंदीत तिनं त्या वाळूची गोष्ट सांगितली. कुमारी नवरीच्या वेषात इथं वाट बघत होती, शिव सुचिंद्रमहून लग्नाला निघाला होता, मुहूर्त पहाटेच्या आधीचा. वाटेत नारदानं कोंबड्याचा आवाज काढला, शिवाला वाटलं उजाडलं, मुहूर्त टळला, आणि तो मागं फिरला. लग्नासाठीचे तांदूळ शिजायचे राहिले, त्यांची ही वाळू. सुचिंद्रम तिथून दहा-बारा किलोमीटर. मैत्रीण बराच वेळ पुडी हातात धरून होती. म्हणाली, ‘इतक्या जवळ आला होता तर यायचं होतं. मुहूर्तापायी कोणी मागं फिरतं का?’ मग तिनं आईसाठी एक पुडी घेतली. वहीत आहे: ‘वाळू, २० रु., वैयक्तिक.’ स्वतःपुरता खर्च ती नेहमी असा बाजूला काढायची, त्याचा अर्धा माझ्या माथी येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गजर लावून उठले, तर तिचं अंथरूण रिकामं. पांघरूण चौकोनी घडी घालून उशाशी. वाटलं, पुढं गेली असेल. किनाऱ्यावर शेकडो माणसं, अंगावर शाली, खांद्यावर पेंगणारी पोरं. मी तिला गर्दीत शोधत राहिले. सव्वासहाच्या सुमाराला समुद्राच्या कडेवर लाल थेंब उमटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझं निम्मं लक्ष मागं. आपण आदल्या दिवशी इतकी घाई केली आणि आज तिचाच सूर्योदय चुकला, म्हणून मला वाईट वाटत होतं. सात वाजता ती खोलीवर आली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, चपलांना तांबडी माती.

‘कुठं होतीस?’

‘चक्कर मारून आली.’

‘सूर्योदय बघितलास तरी?’

‘हो. रस्त्यावरून दिसला.’

खाली गाड्या लावल्या होत्या तिथं एक गोष्ट माझ्या नजरेला पडली होती. समुद्रकाठी रात्रभर उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या काचांवर सकाळी खारट दवाची साय धरते, बोट ओढलं तर रेघ उमटते. रांगेतल्या सगळ्या काचा अशा दुधाळ झाल्या होत्या. फक्त आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर वायपरनं काढलेले दोन स्वच्छ अर्धगोल होते. पाहिलं, आणि विसरले.

दहाच्या बोटीनं आम्ही समुद्रातल्या खडकावरच्या विवेकानंद स्मारकावर गेलो. ते उभं करणारे एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, हे आमच्याकडं अभिमानानं सांगतात. पण तिला भावली ती गोष्ट वेगळीच. १९७० साली उभ्या राहिलेल्या या कामासाठी साध्या माणसांकडून एकेक रुपया गोळा केला होता. खडकावर उभी राहून ती म्हणाली, ‘केवढ्या पावत्या फाडल्या असतील गं. आणि सगळ्या कोणीतरी टॅली केल्या असतील.’ तिथून काचेच्या पुलावरून तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्याकडं. त्यांच्या तिरुक्कुरळ या ग्रंथाचे अध्याय १३३ म्हणून उंची १३३ फूट. हाही ताळेबंद तिला आवडला. ७७ मीटरच्या त्या पुलावर पायाखाली हिरवं पाणी उसळताना दिसत होतं. ती मधोमध थांबून खाली बघत राहिली. या खेपेला मी घाई केली नाही. दुपारी परतीला लागलो. पवनचक्क्या आल्या तेव्हा मला आठवण झाली. म्हणाले, ‘थांबायचं होतं ना तुला?’ ती म्हणाली, ‘नको, राहू दे आता.’ मला वाटलं, रुसली. पार कोविलपट्टीपर्यंत मी त्या रुसव्याचा विचार करत होते.

आता वही समोर होती, आणि मी फरक शोधत होते. ओळ न् ओळ बरोबर, बेरजाही बरोबर, फक्त पेट्रोलच्या रकान्याची एकूण रक्कम ओळींच्या बेरजेपेक्षा २५५ रुपयांनी कमी लिहिलेली. त्याचा निम्मा माझा वाटा, म्हणजे एकशे साडेसत्तावीसाचं कोडं तिथवर उलगडलं. २५५च का, ते कळेना. मग मुक्कामांच्या ओळी बघितल्या. प्रत्येक मुक्कामाला तारीख, गाव, किलोमीटर. श्रीनगर, ४१,३०२. पुढं जम्मू, अंबाला, आग्रा, सगळी गावं, सगळे आकडे. एका ओळीत मात्र तारीख आहे, ‘कन्याकुमारी’ आहे आणि पुढं काही नाही. ज्या गावासाठी एवढा रस्ता कापला, नेमका तिथलाच आकडा कोरा. खालची ओळ परतीच्या वाटेवरची, तिरुनेलवेली, पेट्रोल, ४५,३३१.

४५,३३१ वजा ४५,११८. दोनशे तेरा.

जाऊन-येऊन एकशे सत्तर. गावातल्या गावात फिरलो ते फार तर तीन. चाळीस किलोमीटर उरले. कन्याकुमारीहून वीस किलोमीटर मागं काय आहे ते मला नकाशा न बघता माहीत होतं. पानाच्या कडेला तिनं पेन्सिलीनं गाडीचं ॲव्हरेज काढलेलं होतं, सोळा. चाळीस भागिले सोळा, अडीच लिटर. लिटरला १०२ रुपये. दोनशे पंचावन्न.

मी वही मिटून खिडकीत जाऊन उभी राहिले. ती पहाट मला दिसत होती, मी नसलेली. अंधारात तिनं किल्ली उचलली असेल, आवाज होऊ नये म्हणून मुठीत घट्ट धरून. काचेवरची खारट साय वायपरनं दूर केली असेल. रिकाम्या रस्त्यावरून, शेजारी कोणी घड्याळ बघत नसताना, ती त्या पवनचक्क्यांखाली गेली असेल आणि शेताच्या बांधावर तांबड्या मातीत उभी राहिली असेल. पाती अंधारात दिसत नसतील, फक्त ऐकू येत असतील. तिथं तिला काय हवं होतं, दोन मिनिटांसाठी की तासाभरासाठी, याचा अंदाज मी बांधत राहिले, आणि माझ्या हाती एवढंच लागलं की तिथं मी नको होते. हे मला बोचलं, खोटं कशाला सांगू. पस्तीस वर्षांची मैत्री, आणि मला उठवलं नाही. मग तिचं ते आदल्या संध्याकाळचं गाडीत बसून राहणं आठवलं. पाण्याकडं हात हलवणारी मी. जिथं रस्ता संपतो तिथून पुढं तिच्यासाठी फक्त घरी परत जाणं होतं, दुधाच्या पिशवीपर्यंत. ती गोष्ट तिनं मला हिंगणघाटलाच सांगितली होती, आणि मी हसले होते.

कोऱ्या जागेत आकडा भरावा असं एकदा मनात आलं. संध्याकाळी पोचल्याचा काढता येतो, पहाटे परतल्याचाही. दोन्हींपैकी कुठला लिहायचा हे तिलाही ठरवता आलं नसेल. पेन्सिल घेतली होती, ठेवून दिली. मग माझा बरोबर येणारा वाटा पाठवावा असं वाटलं. पण ते एकशे साडेसत्तावीस गेले असते तर तिला कळलं असतं की मला कळलं. मी तिनं लिहिलेली रक्कम पाठवली, पैशापैशानं तीच.

संध्याकाळी तिचा फोन आला. ‘आले गं पैसे. तपासला ना हिशेब?’

‘तपासला.’

‘बरोबर आहे ना?’

‘बरोबर आहे.’

पलीकडं जरा वेळ शांत होतं. मग मागून तिच्या आईचा आवाज आला, बारीक, काळजीचा. आणि फोन तोंडापासून दूर धरून ती म्हणाली, ‘हो आई, आणलं.’